सामाईक भिंतीवरचा उघडा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर डब्यातून बाहेर काढायचा आणि उघडाच्या उघडा भिंतीवर टांगायचा, असं व्हर्लिन टॉलफसनने मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं. त्याची बायको मार्लिस विणकामातून मान वर न करता म्हणाली, "टांगता येईल की."

मिनेसोटात जन्म काढलेल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. तिथे कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. कुणी छपरावरून उडी मारतो म्हणाला, तरी खालून लोक "हो का, बरं" एवढंच म्हणतील आणि घोंगडी आणायला जातील. अडतीस वर्षांच्या संसारात व्हर्लिनने हे "टांगता येईल की" पुष्कळ वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी निमूटपणे बेत रद्द केला होता. या वेळी मात्र त्याने ते शब्द परवानगी म्हणून पदरात पाडून घेतले आणि प्लायवूड शोधायला तो गॅरेजात गेला.

वरवरचं कारण होतं मांजर. टिली नावाची ही मांजर हिवाळाभर टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर झोपायची, कारण घरात तेवढीच एक जागा गरम असायची आणि त्याचं बिलही तिला भरावं लागत नव्हतं. तिचे केस आत जायचे, पंखा घरघरायचा, आणि व्हर्लिनने डबा उघडला तेव्हा आतून आणखी एक लहान मांजर होईल इतके केस निघाले. मग इंटरनेटवर त्याने कुणाच्या तरी दिवाणखान्याचा फोटो पाहिला. भिंतीवर काळी फळी, फळीवर कॉम्प्युटरचे सगळे अवयव ओळीने मांडलेले, तारा वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या, पंखे निळ्या उजेडात फिरताहेत. व्हर्लिन त्या फोटोपुढे इतका वेळ बसला की त्याची कॉफी निवली.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीमागे त्याने एकोणतीस वर्षं काढली होती. सकाळी आठपासून लोक रांगेत उभे राहून त्याला विचारायचे. व्हर्लिन, घरामागचा लाकडी डेक दोन फूट वाढवला तर चालेल का? व्हर्लिन, सौनाचं धुराडं शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती लांब हवं? व्हर्लिन चष्मा पुसायचा, नियम सांगायचा, आणि फॉर्मचा एखादा रकाना मोकळा असला तर माणसाला प्रेमाने घरी परत पाठवायचा. निवृत्त होऊन आता वीस महिने झाले होते. या वीस महिन्यांत त्याला कुणीही काहीही विचारलं नव्हतं. मार्लिस "इथेच बसणार आहेस का?" असं रोज विचारायची, पण त्याला विचारणं म्हणत नाहीत. भिंतीवर उघडा कॉम्प्युटर असला की येणाराजाणारा थांबेल, हे काय, ते काय, हा पंखा कशासाठी, असं विचारेल, असा त्याचा हिशेब होता. उत्तरं त्याने आधीच कागदावर काढून ठेवली होती.

प्रश्न होता भिंतीचा. दिवाणखान्याच्या एका भिंतीला खिडकी, दुसरीला शेकोटी, तिसरीवर मार्लिसच्या बहिणीने गोधडीच्या तुकड्यांतून शिवलेलं लाल कोठार. त्या कोठाराला हात लावणं म्हणजे सासुरवाडीशी युद्ध. उरली चौथी. ती शेजारच्या अर्डिस हाउगेनबाईंच्या घराची आणि व्हर्लिनच्या घराची मिळून एक, म्हणजे सामाईक. सामाईक भिंतीत टाचणी टोचायची तरी जोडघरांच्या संघटनेचा फॉर्म नंबर सात भरावा लागे.

दुसऱ्या कुणाला फॉर्मचं नाव ऐकून कपाळशूळ उठला असता. व्हर्लिनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बदलाचे फायदे व तोटे" अशा दोन रकान्यांचा तो फॉर्म भरायला त्याने तीन दिवस घेतले. फायदे: कॉम्प्युटर थंड राहतो, धूळ दिसते म्हणून पुसली जाते, एखादा भाग बदलायचा तर डबा खोलावा लागत नाही, पायाला लागत नाही, मांजरीला वर बसता येत नाही. तोटे या रकान्यात त्याने खूप विचार करून "फारसे नाहीत" असं लिहिलं.

तो रकाना संघटनेने भरून काढला. सभा क्लबच्या खोलीत झाली. अध्यक्ष ड्वेन पेक्काला, म्हणजे समोरच्या घरातला, आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवलेला धिप्पाड, फिनलंडच्या वंशाचा माणूस. मधोमध कॉफीची किटली आणि रूबार्बच्या आंबटगोड वड्या. विरोध कुणाचाच नव्हता. प्रत्येकाच्या मनात फक्त एक बारीकसा विचार येऊन गेला होता.

"मी म्हणत नाही, होईलच म्हणून," एक बाई म्हणाल्या, "पण उघड्यावर कुणाच्या हातून कॉफी सांडली तर?"

"हिवाळ्यात हवा कोरडी असते बघ," दुसरा म्हणाला. "माझ्या मेहुण्याने लोकरी मोजे घालून टीव्हीला बोट लावलं. टीव्ही गेला. मेहुणा आहे अजून."

"पंखा घुमणार नाही का गं भिंतीतून, अर्डिस?" कुणीतरी विचारलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कागदासारख्या हलक्या अर्डिसबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. "माझी काळजी नका करू," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतं ते मी ऐकलं नाही असं समजते."

ड्वेनने सगळे तोटे लिहून घेतले. ते फॉर्मच्या मागच्या बाजूला आणि तिथून वड्यांच्या कागदी रुमालावर गेले. मग मंजुरी मिळाली, दोन अटींवर: स्क्रू भिंतीच्या आपल्या अर्ध्यातच राहिले पाहिजेत, आणि तीस दिवसांनी अध्यक्ष दोन्ही बाजूंनी तपासणी करतील.

पहिल्या अटीला व्हर्लिन मनात हसला. बावीस वर्षांपूर्वी या जोडघरांचे नकाशे त्याच्याच खिडकीतून गेले होते. सामाईक भिंत दुहेरी, मधे पोकळी, एकूण जाडी अकरा इंच, असं नकाशात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि खाली त्याचा शिक्का होता. स्वतःच्या शिक्क्यावर ज्याचा विश्वास नाही त्याने एकोणतीस वर्षं केलं काय? त्याने भिंत मोजली नाही. बिल्डरने कागदावर अकरा इंच दाखवून पाचच्या आत आटपलं होतं, हे भिंतीला माहीत होतं, पण तिला विचारायला कुणी गेलं नव्हतं.

"स्क्रू केवढे आहेत?" ड्वेन बघायला आला होता.

"डेकचे उरलेत. सहा इंची."

"हां, लांबच बरे. आखूड स्क्रूवाल्यांचे डेक एप्रिलच्या पुरात नदीत दिसतात."

भिंतीच्या आतले लाकडी दांडे शोधायचं यंत्र व्हर्लिनने फिरवून पाहिलं. ते सगळीकडेच वाजत होतं. टिली जवळून गेली तेव्हाही वाजलं. शेवटी त्याने बोटांनी टकटक करत, कान लावत, दोन दिवस भिंतीची तपासणी केली आणि भोकं पाडली, त्यातली सात चुकीची. ती फळीआड झाकली जाणार होती म्हणून मोजायचं कारण नव्हतं. चार स्क्रू बसले. फळी चढली. पाणसळ लावली तर बुडबुडा बरोबर मधोमध. व्हर्लिनने मार्लिसला हाक मारून बुडबुडा दाखवला.

"मधे आहे," मार्लिसने कबूल केलं.

रविवारी चर्चनंतर शेजारी कॉफीला आले. कॉम्प्युटर भिंतीवर झगमगत होता. व्हर्लिन इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या बाजूला उभा होता आणि उत्तरांचा कागद त्याच्या खिशात होता. एकेक जण यायचा, मान वाकडी करून वर बघायचा, म्हणायचा, "वेगळंच आहे," आणि लिंबाच्या वड्यांकडे वळायचा. सतरा माणसं आली. सतरा वेळा "वेगळंच आहे" झालं. प्रश्न एकच आला, तो बाथरूम कुठे आहे हा. सगळे गेल्यावर ताटलीत नेहमीप्रमाणे शेवटची वडी उरली होती, म्हणजे शेवटच्या वडीच्या अर्ध्याच्या अर्ध्याचं अर्धं. ते व्हर्लिनने उभ्याउभ्याच खाल्लं. त्याला फार वाईट वाटलं.

आणि मंगळवारपासून कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

तोही कसा, तर रोज दुपारी सव्वातीनला. सकाळभर उत्तम चालायचा. सव्वातीनला फळीला एक बारीक हिसका बसायचा, चित्र दाखवणाऱ्या भागाची चपटी पट्टी खाचेतून केसभर सरकायची, पडदा काळा. व्हर्लिनने वही केली. तारीख, वेळ, हवामान, मांजरीचं ठिकाण. मांजर पाचही वेळा कपाटावर झोपलेली होती, म्हणून ती सुटली. पलीकडे त्याच सुमारास अर्डिसबाईंचा रेडिओ वाजतो असं त्याला वाटायचं, पण रेडिओचा कॉम्प्युटरशी काय संबंध?

बातमी गल्लीत गेली आणि सल्ले यायला लागले. ड्वेन म्हणाला, सव्वातीनला ऊन भिंतीवर येतं, लाकूड फुगतं. व्हर्लिनने खिडकीला जाड पडदा लावला. मेहुण्यावाला म्हणाला, कोरडी हवा. व्हर्लिनने वाफेचं यंत्र आणलं. त्याने इतकी वाफ सोडली की गोधडीचं लाल कोठार ओलं होऊन लोंबायला लागलं आणि मार्लिसने दिवसभर बहिणीचा फोन घेतला नाही. मग ठिणगी पडू नये म्हणून व्हर्लिन मनगटाला तांब्याची तार बांधून, तिचं दुसरं टोक हीटरच्या नळाला अडकवून घरात वावरू लागला. तार नऊ फुटांची होती. दारावरची घंटा वाजली की तो तेवढ्यात जाऊन थांबायचा आणि तिथून "या, उघडंच आहे" म्हणायचा.

वाफेपासून वाचवायला त्याने कॉम्प्युटरवर न्हाणीघराचा जुना पडदा टांगला, पिवळ्या बदकांचा. पडदा पंख्यात जायला लागला म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या. वरून धूळ पडते म्हणून वरही एक फळी बसवली.

मार्लिसने हे सगळं तीन आठवडे पाहिलं. "आता खालून तेवढं बंद केलंस," ती म्हणाली, "की डबा झाला."

लग्नाच्या अडतीस वर्षांत ती त्याला इतकं सरळ कधी बोलली नव्हती. व्हर्लिनने खिशातला कागद काढून पाहिला. याचं उत्तर त्यावर नव्हतं.

त्याच आठवड्यात अर्डिसबाईंनी केक पाठवला होता तो ट्रे परत करायची पाळी आली. रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून मार्लिसने त्यात कोंबडी-भात भाजून हॉटडिश केलं आणि व्हर्लिनच्या हाताची तार सोडून त्याला शेजारी पाठवलं. तीन वाजले होते.

"कॉफी घेशील?" अर्डिसबाईंनी विचारलं.

"नको, तुम्हाला त्रास."

"त्रास कसला, केलेलीच आहे."

"नको, खरंच, मी निघालोच."

"अर्धा कप."

"बरं, अर्धा," तिसऱ्यांदा व्हर्लिन म्हणाला आणि आत जाऊन बसला, आणि कप हातात घेऊन त्याने समोर पाहिलं.

भिंतीवर चार खुंट्यांना तीन वस्तू होत्या. वर, दोन पट्ट्यांनी लटकलेलं, अर्डिसबाईंच्या नवऱ्याचं, लेलंडचं, मोठं अकॉर्डियन. खाली डावीकडे लेलंडची मासेमारीची टोपी. उजवीकडे बँकेचं कॅलेंडर. वरच्या दोन खुंट्यांमधलं अंतर सोळा इंच होतं आणि खालच्यांचं वरच्यांपासून तीस. व्हर्लिनला मोजायची गरज पडली नाही. ती मापं त्यानेच घेतली होती. खुंट्यांच्या टोकांवर दोऱ्याची रिकामी रिळं नीट बसवलेली होती.

त्याचा शिक्का, अकरा इंच, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"छान अडकवलंय," त्याच्या तोंडून निघालं.

"हो ना," अर्डिसबाई म्हणाल्या. "लेलंडला जाऊन चार वर्षं झाली. सगळं पलंगाखाली होतं." एवढं बोलून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुझी हरकत नसेल तर जरा वाजवते. तो रोज याच वेळेला वाजवायचा."

त्या उठल्या, दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी अकॉर्डियन खुंट्यांवरून उचललं. भिंत सूक्ष्म थरथरली.

"व्हर्लिन," पलीकडून मार्लिसचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "गेला बघ."

अर्डिसबाईंनी एक वॉल्ट्झ वाजवला. दोन सूर चुकत होते आणि त्या दर वेळी तेच चुकवत होत्या. व्हर्लिनने पूर्ण ऐकला, कॉफी संपवली, आणि स्क्रूंचा विषय न काढता घरी आला.

स्क्रू काढावेत तर लेलंड परत पलंगाखाली. ठेवावेत तर दुसऱ्याच्या घरात पाऊण इंच बेकायदा घुसखोरी. दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर व्हर्लिनने त्याला खिडकीतूनच घरी पाठवलं असतं. चार दिवस त्याचं जेवणावर मन नव्हतं. पाचव्या दिवशी ड्वेन पाणसळ आणि फॉर्म नंबर सात घेऊन तपासणीला आला.

व्हर्लिनच्या बाजूला त्याने बदकांचा पडदा बाजूला केला, पाणसळ लावली. बुडबुडा कडेला गेला होता. ड्वेनने घसा साफ केला आणि "जवळजवळ सरळ" असं लिहिलं. मग दोघे अर्डिसबाईंकडे गेले, दोनदा नको म्हणाले, अर्धा अर्धा कप घेतला. ड्वेनने भिंत पाहिली. रिळं पाहिली. मग त्याची नजर टोपीवर गेली आणि तिथेच राहिली. वीस वर्षं तो आणि लेलंड एका होडीत मासे धरायला बसत होते.

ड्वेनने कपातली उरलेली कॉफी संपवली.

"बर्फ लवकर वितळणार यंदा," ड्वेन शेवटी म्हणाला आणि त्याने फॉर्मवर लिहिलं: दुसरी बाजू, ठीक.

आता गप्प बसायचं होतं. व्हर्लिन सोडून त्या गावातला कोणताही माणूस गप्प बसला असता. पण खोटी नोंद असलेला फॉर्म त्याच्या डोळ्यांसमोर घडी होऊन खिशात चालला होता.

"ड्वेन, ते ठीक नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ते स्क्रू माझे आहेत. आरपार आलेत. भिंत मी मोजली नाही. बावीस वर्षांपूर्वीही मोजली नव्हती, नुसता शिक्का मारला. चूक माझी आहे."

इतकं उघडं बोलणं त्या खोलीत कधी झालं नसेल. ड्वेनने पाणसळ या हातातून त्या हातात घेतली. अर्डिसबाईंनी टेबलावरचा नसलेला चुरा पुसला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "एकेक टोक बाहेर येताना मी इथेच बसले होते. कॉफी घेत."

"मग भिंत वाजवायची नाही का?"

"तू कामात होतास." त्यांनी रिळांकडे पाहिलं. "चार वर्षं कुणाला तरी सांगायचं होतं, एक खुंटी ठोकून द्या म्हणून. पण उगीच कुणाला कशाला... आणि मग त्या आपल्या आपणच आल्या, चार."

ड्वेन खिडकीबाहेर बघत होता. नियम नियम होता, आणि नियमाप्रमाणे स्क्रू काढायला हवे होते, हे त्याला म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं.

"फॉर्म सात हा माझ्या बाजूला काही टांगण्याबद्दल आहे," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याचा आवाज हळूहळू खिडकीमागचा झाला. "मी कॉम्प्युटर उतरवतो. मग माझ्या बाजूला काही टांगलेलं नाही, म्हणजे अर्जच नाही. अर्डिसबाईंनी त्यांच्या बाजूला टोपी अडकवली आहे. टोपीला फॉर्म लागत नाही. उरले स्क्रू. ते भिंतीच्या आत आहेत, आणि भिंतीच्या आतलं सगळं संघटनेचं."

ड्वेनने यावर पुष्कळ विचार केला. "स्क्रू मी पाहिले नाहीत," तो म्हणाला. "मी टोपी पाहिली."

"नाही रे, तुझा कॉम्प्युटर नको उतरवू," अर्डिसबाई म्हणाल्या.

"उतरवतो."

"इतका छान दिसत होता म्हणतात."

"वेगळा दिसत होता," व्हर्लिन म्हणाला.

त्याच दुपारी कॉम्प्युटर खाली आला, डब्यात गेला, डबा टेबलाखाली गेला आणि झाकण लागायच्या आत टिली त्यावर बसली. भिंतीवर चार स्क्रूंची डोकी आणि सात भोकं उरली. गल्लीत सगळ्यांना कळलं की व्हर्लिनचं काही जमलं नाही. कुणी तसं बोललं नाही, पण पोस्टाच्या पेट्यांपाशी लोक त्याच्याशी जास्तच गोड बोलायला लागले, आणि त्याला तेच जास्त लागलं. तो खिडकीशी बसून राहू लागला. मार्लिसने "इथेच बसणार आहेस का?" विचारणंही सोडून दिलं.

शुक्रवारी अर्डिसबाई तोच ट्रे घेऊन आल्या, आत गाजराचा केक. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा बसल्या. बर्फाबद्दल बोलणं झालं. मार्लिसच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल झालं. मग त्या उठल्या, आणि दारापाशी आणखी वीस मिनिटं निरोप चालला, कोट घालून. मुठीवर हात गेला तरी त्यांचा पाय निघेना.

"व्हर्लिन," त्या दाराकडे बघतच म्हणाल्या, "तुला एक विचारायचं होतं. सवड असेल तर. नसेल तर राहू दे."

"विचारा."

"लेलंडने पकडलेला तो मोठा पाइक मासा आहे. पेंढा भरलेला. कपाटात उभा करून ठेवलाय, नाक खाली. त्याला कसला स्क्रू लागेल रे? आणि तुझ्या बाजूने बसवता येईल का, पहिल्यांसारखा?"

मार्लिसच्या हातातल्या सुया थांबल्या. व्हर्लिन खुर्चीतून उठला. लगेच उत्तर द्यायची घाई त्याने केली नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, परत घातला.

"आधी माशाचं वजन सांगा," तो म्हणाला.